अकरा एक आणि सातवी वही

१

वामनराव घुईखेडकरांनी चौकशीचा अहवाल चौकशीला पोचायच्या आधीच लिहून टाकला होता. यवतमाळहून निघालेली एस.टी. दिग्रसजवळ पंक्चर होऊन तासभर पडली, तेव्हा मांडीवर फाईल ठेवून त्यांनी तो पुरा केला. ‘उमरखेड येथील शाळेच्या कपाटातून एक वही नाहीशी झाली आहे. कपाटाची किल्ली सहायक शिक्षक भीमराज हनवते यांच्या ताब्यात होती. सदर शिक्षकांना समाधानकारक खुलासा करता आला नाही. सबब त्यांना नोकरीत कायम करू नये.’

खुलासा अजून ऐकायचाच होता. पण तीस वर्षं शाळा तपासून वामनरावांना एवढं कळून चुकलं होतं की शेवटी लिहिलं जातं ते हेच. सन बासष्टचा सप्टेंबर चालू होता आणि येत्या मार्चमध्ये ते निवृत्त व्हायचे होते. गुडघे कुरकुरत होते, आणि जगातल्या कुठल्याही वहीत काय लिहिलंय हे जाणून घ्यायची हौस त्यांच्यात उरली नव्हती. सकाळची परतीची बस मिळाली म्हणजे गंगेत घोडं न्हालं, एवढीच त्यांची इच्छा.

हेडमास्तर देवराव शाळेच्या व्हरांड्यात उभेच होते. टोपी, कोट, कोटाच्या खिशाला दोन पेनं. “या डिप्टीसाहेब,” म्हणत त्यांनी वामनरावांना थेट कपाटापाशी नेलं. आत कापडी पाठीच्या जाड वह्या ओळीनं लावल्या होत्या. पाठीवर आकडे. सहा नंबरच्या शेजारी आठ नंबर उभा होता.

“अठरा होत्या, सतरा राह्यल्या,” देवराव म्हणाले. “सातवी गेली. बावीस दिवस झाले.”

“काय होतं तिच्यात?”

“भागाकार.”

“कशाचे?”

देवरावांनी खडू घेतला आणि फळ्यावर एक काढला, त्याच्या शेजारी एक, त्याच्या शेजारी आणखी एक. अकरा एक काढून झाल्यावर त्यांनी खाली स्वल्पविराम दिले. ११,११,११,११,१११.

“अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा,” ते म्हणाले. “हिला कोणत्या आकड्यानं भाग जाते ते हुडकून राह्यले. आमचे जुने गणिताचे मास्तर, गफ्फार मास्तर. नऊ वर्षं झाली. दर शनिवारी. आता बोला!”

वामनरावांनी फळ्याकडे पाहिलं आणि त्यांना नुसत्या बघण्यानंच थकवा आला.

“आणि साहेब,” देवरावांनी आवाज खाली आणला, “वही गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी भीमराजनं नागपूरला एक रजिस्टर पाकीट धाडलं. पोस्टमास्तरनं सांगतलं मले. उत्तर त्या वहीत होतं. ते याले गवसलं, अन् आता स्वतःच्या नावावर छापणार. या लोकांले छप्पन सालापासून लयच घाई झाली आहे.”

२

गफ्फार मास्तर सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत खाटेवर उशांना टेकून बसले होते. दम्यानं माणूस पार वाळला होता, पण डोळे जागे होते. त्यांनी वामनरावांना खाटेच्या कडेलाच बसवून घेतलं.

“त्रेपन्न साली सातवीतल्या पोरीनं इचारलं, मास्तर, अकरा एकाले कशानं भाग जाते? मी म्हटलं, सोमवारी सांगतो.” मास्तर हसले आणि हसण्याचा खोकला झाला. “तो सोमवार अजून यायचा हाये साहेब.”

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं, आणि वामनरावांच्या लक्षात आलं की हा माणूस शिकवायला बसला की त्याचा दमा थोडा मागे सरतो. दोननं जात नाही, तीननं जात नाही, पाचनं, सातनं नाही. ज्यांचे स्वतःचे तुकडे पडत नाहीत अशा मूळ संख्याच तेवढ्या घ्यायच्या आणि एकेक करून लावून पाहायची. एक लाख पाच हजार चारशे नऊपर्यंत गेलं की पुरे. त्याच्या पलीकडचा मोठा तुकडा असलाच तर त्याचा जोडीदार अलीकडे सापडायलाच हवा. चौसष्ट हजार गाठले होते. एक्केचाळीस हजार उरले होते.

“आकडे एक्केचाळीस हजार उरले, दम तेवढा उरला नाही,” मास्तर म्हणाले. “मले फक्त एवढं पाहून जायचं हाये. भाग जाते का नाही जात. बस.”

“काम कसं करता?”

“भागाकार पाटीवर. वहीत तीनच गोष्टी लिव्हायच्या, कोणत्या संख्येनं भागलं, भाग किती आला, बाकी किती उरली. मंग पाटी पुसायची. ज्यानं भागलं त्यानं स्वतः तपासायचं नाही, आपली चूक आपल्याले दिसत नसते. मी नऊचा ताळा लावतो. जुळला का लाल ठिपका. अन् एकदा ठिपका पडला का मागं वळून पाहाचं नाही. मागं पाहात बसलं तर पुढं कधी जाईन माणूस?”

“भीमराजनं नेली असेल वही?”

“भीमराज चोर नाही,” मास्तर म्हणाले. “पण वही तर गेली न.”

दाराशी त्यांची बायको जैनबबी चहाचा ग्लास घेऊन उभी होती. वामनराव निघाले तेव्हा ती त्यांच्यामागून दोन पावलं आली. “साहब, माह्यावर शक नका करू. या वह्या म्हणजे माह्या सवतीच. मले जाळाच्या असत्या तर अठराच्या अठरा चुलीत घातल्या असत्या. एक कायले नेऊ?” एवढं बोलून तिनं डोळ्याला पदर लावला. “पण त्यांले आजकाल झोपेतबी आकडे येतेत. उत्तर आल्याबिगर हा माणूस सुखानं मरत नाही.”

३

दुसऱ्या दिवशी सकाळी वामनराव शिक्षकांच्या खोलीत बसले. शिपाई चहा वाटत होता. सगळ्यांना पांढरे कप, आणि कोपऱ्यात बसलेल्या तरुणाला कान तुटलेला हिरवा.

भीमराज हनवतेला बोलावल्यावर तो तो कप हातात घेऊनच आला. काळासावळा, सडपातळ, वय पंचविशीच्या आतलं. वामनरावांची नजर कपावर गेलेली त्यानं पाहिली.

“मी आलो तवा हाच कप होता साहेब. मंग मास्तरनं सगळ्यांले खडसावलं, तर पांढरा भेटाले लागला. बावीस दिवसापासून पुन्हा हा आला.” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तपासायला आलेल्या माणसाला हे सांगणं त्याला भाग होतं, इतकंच.

“किल्ली तुमच्याकडे असते?”

“माह्या नावावर असते. लटकते खिळ्याले. ज्याले पायजे तो घेते.”

“नागपूरला पाकीट कसलं पाठवलंत?”

भीमराज दाराकडे वळला. मग त्यानं दार लोटून घेतलं. “माह्या कॉलेजच्या प्रोफेसरले एक गोष्ट इचारली होती. तिकडून काल उत्तर आलं. साहेब, अकरा एकाच्या संख्येले भाग जाईन तर अशाच मूळ संख्येनं जाईन, जिले बावीसनं भागलं का बाकी एक उरते. दुसऱ्या कोणत्याच नाही. मले कॉलेजात शिकवल्याचं अंधुक आठवत होतं, पण पक्कं नव्हतं.”

वामनराव सरसावून बसले. “म्हणजे सगळ्या लावून बघायची गरजच नाही?”

“दहातले नऊ भागाकार फुकटचे होते.” भीमराजनं कप टेबलावर ठेवला. “नऊ वर्षं. हे मी मास्तरले कोणत्या तोंडानं सांगू?”

“आणि तुम्ही स्वतः उत्तर काढलं नाहीत?”

“महिन्याभरात निघालं असतं. पण ते मास्तरचं हाये साहेब. मी आधी काढलं असतं तर त्यांचं काय राह्यलं असतं?”

“वही कोणी नेली, ठाऊक आहे?”

“नाही,” भीमराज म्हणाला. पण ते ‘नाही’ यायला जरा उशीर झाला, आणि पोरांची खोटी कारणं ऐकण्यात तीस वर्षं घालवलेल्या वामनरावांच्या कानाला तो उशीर बरोबर कळला.

त्याच्यामागून तिसरीच्या विमलताई आल्या. पस्तिशीच्या, पांढरं लुगडं, शांत चेहरा. नवरा गेल्यावर मास्तरांनीच त्यांना ट्रेनिंगला धाडलं आणि नोकरीला लावलं असं देवराव सांगून गेले होते. शनिवारच्या बैठकीत त्या पहिल्या वर्षापासून होत्या. भीमराज तसा मुलगा नाही, एवढंच त्या प्रत्येक प्रश्नाला सांगत राहिल्या. उठता उठता मात्र त्यांनी स्वतःहून विचारलं, “वही सापडलीच नाही तर त्याचं काय होईन साहेब?”

“कायम होणार नाही. आणि चोरीचा शेरा पडल्यावर दुसरीकडे कोण घेणार?”

विमलताईंच्या हातातल्या खडूचे दोन तुकडे झाले. त्या ते गोळा न करताच वर्गावर निघून गेल्या.

४

सकाळची बस केव्हाच गेली होती. दुसरी दुपारी होती आणि वेळ जाता जात नव्हता, म्हणून वामनरावांनी पहिली वही उघडली. मनापासून नव्हे, एखादा माणूस दवाखान्यात बसल्या बसल्या जुनं वर्तमानपत्र चाळतो तशी.

ओळीमागून ओळ. मूळ संख्या, भाग, बाकी, लाल ठिपका. अक्षरं तीन-चार जणांची. एक तिरकं, एक बारीक किरटं, एक गोल टपोरं, त्यातला नऊ असा की शेपूट आतल्या बाजूला वळवलेलं. आठ-दहा पानं उलटल्यावर त्यांना काहीतरी खटकलं. गोल अक्षराच्या पानावर लाल ठिपक्यांच्या पलीकडे, अगदी कडेला, शिसपेन्सिलीनं बारीक बारीक एक काढलेले होते. प्रत्येक ओळीपुढे फक्त ‘१’. दुसरा आकडा नाही. मोजणी असती तर एक, दोन, तीन झालं असतं. हे सगळे एकच.

पुढच्या पानावरही एक. दुसऱ्या वहीतही. वामनरावांनी चष्मा पुसला.

आणि मग पस्तीस वर्षांमागचा, शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलचा वर्ग त्यांना आठवला. भाजक गुणिले भाग, अधिक बाकी, हे भागलेल्या संख्येशी जुळतं का ते ताळ्यानं पाहायचं. नऊच्या ताळ्यात आकड्यांची बेरीज करत जायचं. अकरा एकांची बेरीज अकरा, अकराची दोन, म्हणजे नऊच्या ताळ्यानं प्रत्येक ओळीला दोन यायला हवा. पण ताळा आणखी एक असतो, अकराचा. उजवीकडून पहिला आकडा मिळवायचा, दुसरा वजा करायचा, तिसरा मिळवायचा, असं शेवटपर्यंत. अकरा एकांचं असं केलं तर उरतो एक! हे कोणीतरी अकराच्या ताळ्यानं जुने भागाकार पुन्हा तपासत होतं. लाल ठिपक्यावर विश्वास न ठेवता, मास्तरांचा नियम मोडून.

त्यांनी देवरावांना हाक मारली. “इथं अकराचा ताळा कोणाला येतो?”

“तो नवा प्रकार?” देवराव म्हणाले. “जुलैच्या मीटिंगीत भीमराजनंच शिकवला आम्हाले. त्याच्याआधी कोणाले ठाऊक नव्हता. काहून?” मग पेन्सिलीचे एक पाहून त्यांचा चेहरा उजळला. “घ्या! मी म्हटलं नव्हतं का? सापडला न चोर?”

वामनरावांच्या खिशात बसमधला अहवाल होता. त्याच्याखाली सही केली असती तर दुपारची बस मिळत होती.

५

सही त्यांनी केली नाही. का नाही केली हे त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. हिरव्या कपाचा राग आला होता म्हणा, किंवा इतक्या वर्षांनी एखादं गणित जुळत असलेलं दिसलं आणि हात मागे घेववेना म्हणा.

त्यांनी सतराच्या सतरा वह्या टेबलावर मांडल्या. पेन्सिलीचे एक फक्त गोल अक्षराच्या पानांवर होते. तिरक्या अक्षरावर नाही, किरट्यावर नाही. भीमराज तर चौदाव्या वहीपासूनचा, त्याच्या पानांवर एकही खूण नव्हती. उत्तर पळवायला निघालेला माणूस सगळ्यांचे भागाकार तपासेल, कारण चूक कोणाचीही असू शकते. फक्त एकाच हाताचे भागाकार कोण तपासतं? ज्याचा तो हात असतो तो! नवा ताळा शिकल्यावर मनात किडा वळवळतो, आपलं सगळं बरोबर होतं ना?

खुणा पहिल्या वहीपासून सहाव्या वहीच्या शेवटापर्यंत अखंड होत्या. गोल अक्षर आठव्या, नवव्या, दहाव्या वहीतही होतं, पण तिथं खूण नाही. म्हणजे तपासणारा सातव्या वहीत थांबला. साधी चूक सापडली असती तर माणूस ती दुरुस्त करून पुढे गेला असता. पुढे तपासण्यात काही अर्थच उरला नाही, अशी एकच चूक असू शकते.

उत्तर सातव्या वहीत होतं, पण कोणालाही न दिसलेलं. त्या संख्येनं भाग जात होता, आणि वहीत लिहिलं होतं की जात नाही.

शनिवारची शाळा सकाळचीच. वर्ग रिकामे झाल्यावर ते तिसरीच्या वर्गात डोकावले. फळ्यावर हजेरी लिहिलेली होती, पट एकोणचाळीस, हजर एकोणतीस. गोल टपोरं अक्षर. नऊचं शेपूट आत वळलेलं.

६

आता नुसतं अक्षर दाखवून भागणार नव्हतं. विमलताईंनी नाही म्हटलं असतं तर भीमराज होता तिथंच राहिला असता. वामनराव विश्रामगृहात गेले, खानसाम्याकडून त्याच्या नातवाची पाटी मागून घेतली आणि व्हरांड्यात बसले. सहावी वही वीस हजारांच्या अलीकडे संपत होती आणि आठवी तेवीस हजारांच्या पुढून सुरू होत होती. मधल्या तीन हजारांत, भीमराजच्या नियमानं, बावीसनं भागून एक उरणाऱ्या संख्याच घ्यायच्या. त्यातल्या तीन, पाच, सातनं जाणाऱ्या गाळायच्या.

वीस हजार एकवीसपासून त्यांनी सुरुवात केली. पाटी भरायची, पुसायची. बाकी उरायची. दहा झाले, पंधरा झाले. बोटं पांढरी झाली, पाठ धरली, आणि हे असं साडेचारशे शनिवार मोजणाऱ्या माणसांचं त्यांना पहिल्यांदाच खरं वाईट वाटलं. दोन तास उलटून गेले. पस्तिसाव्या पाटीवर त्यांनी एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास घेतले. पाचचा भाग, एकचा, तीनचा, दोनचा, तीनचा. खाली उरले एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एक्केचाळीस. नवानं गुणलं. बरोबर तेवढेच आले.

बाकी शून्य.

वामनराव कितीतरी वेळ त्या शून्याकडे पाहत बसले. मग पाटी तशीच काखेत मारून ते विमलताईंच्या घरी गेले.

विमलताईंनी पाटी पाहिली आणि काहीही न विचारता आत जाऊन पत्र्याच्या पेटीतून सातवी वही काढून आणली. पान त्यांना शोधावं लागलं नाही. छप्पन सालची ओळ होती, गोल अक्षरात. २१,६४९. भाग ५,१३,२३८. बाकी २१,२८९. पुढे लाल ठिपका.

“खाली उरले होते एकोणीस हजार चारशे चौऱ्याऐंशी,” विमलताई हळू आवाजात म्हणाल्या. “मी पुढच्या ओळीवर उतरवताना चारशे अठ्ठेचाळीस लिव्हले असतीन. शेवटचे दोन आकडे उलटे. पाटी तर तवाच पुसली. पण दुसरं काही जुळतच नाही.”

वामनरावांनी मनातल्या मनात नऊचा ताळा लावला. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासचे बावीस, बावीसचे चार. भागाचेही बावीस, चार. चार चोक सोळा, सोळाचे सात. बाकीचेही बावीस, चार. सात आणि चार अकरा, अकराचे दोन. चोख जुळत होता. आकडे उलटे पडले तरी बेरीज बदलत नाही, नऊचा ताळा ती चूक पकडूच शकत नाही. अकराचा लावला. एक यायच्या जागी चार आले.

“भीमराजनं ताळा शिकवला न, तवा वाटलं आपले तपासून पाहावं. अभिमानानं बसली होती मी साहेब, एकबी चूक नाही म्हणून. अन् हे निघालं.” त्यांना रडू आवरेना. “त्यांनी मले माणसात आणलं. अन् मी त्यांचे सहा वर्षं मातीत घातले. त्यांले हे कळलं तर त्याच दिवशी मरतीन ते. म्हटलं, ते जाईपर्यंत लपवावं. मंग भीमराजवर आळ आला, अन् तोंड उघडावं तर सगळंच सांगावं लागते.”

“बाई, मी अहवाल लिहिणार आहे. पण मास्तरांना कोण सांगणार ते तुम्ही ठरवा.”

विमलताईंनी पदरानं तोंड पुसलं. “मीच सांगते.”

७

शनिवारची बैठक असल्यामुळे भीमराज आधीच मास्तरांकडे येऊन पाट्या पुसत होता. विमलताईंनी वही खाटेवर ठेवली, पान उघडलं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. कुठेही स्वतःला सावरून घेतलं नाही.

मास्तरांनी पाटी मागितली. २१,६४९ गुणिले ५,१३,२३९ मांडलं आणि एकेक ओळ करत गेले. कोणी मदतीला हात पुढे केला नाही. जैनबबी दारातच उभी राहिली. शेवटी बेरीज करताना मास्तर उजवीकडून एकेक आकडा मोठ्यानं म्हणत होते. एक. एक. एक. अकराव्या एकापाशी त्यांचा आवाज फुटला.

“झालं?” जैनबबीनं विचारलं.

“झालं,” मास्तर म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले. आनंद होता की दुःख, कोणी विचारलं नाही. दोन्ही होतं.

जरा वेळानं ते भीमराजकडे वळले. “या दोन्ही संख्यांचे आणखी तुकडे पडतेत का रे?”

“नाही मास्तर,” भीमराज म्हणाला. “पडत असते तर त्यातला एक तरी आपल्या पहिल्या सहा वह्यांत घावला असता. त्या वह्या वाया नाही गेल्या. त्याच पुरावा हायेत.”

“अन् सातवीनंतरच्या?”

भीमराजनं मान खाली घातली.

“रद्दी,” मास्तरांनीच सांगितलं. “सहा वर्षं रद्दी. खरं ते खरं.” मग त्यांनी विमलताईंकडे पाहिलं. त्या पायाशी बसून माफी मागत होत्या. “भागाकार चुकला त्याची माफी नको मांगू बेटा. ठिपका त्याच्यावर माहाच हाये. अकराचा ताळा मले ठाऊक नव्हता असं थोडंच हाये? दुप्पट वेळ जाते म्हणून मीच पहिल्या वर्षी सोडला. वेळ वाचवाले गेलो मी.” त्यांना दम लागला. तो बसेपर्यंत सगळे थांबले. “पण तुले बावीस दिवस ठाऊक होतं. अन् बावीस दिवस हा पोरगा चोर म्हणून हिंडला. माहं मरण तू एवढं जपलं, याचं जगणं कोण जपाचं? मले नको. त्याले माफी मांग.”

विमलताई भीमराजकडे वळल्या आणि त्यांनी हात जोडले.

“मले वाटलंच होतं बाई,” भीमराज म्हणाला. “पेन्सिलीचे एक मी पाह्यले होते. बोललो नाही, कारण माह्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार होतं? चोरानं दुसऱ्यावर ढकललं म्हटले असते.” त्यानं जोडलेल्या हातांकडे पाहिलं, पण ते खाली घेतले नाहीत. “इथं नका मांगू. इथं मले कोणी चोर म्हटलं नाही. जिथं म्हटलं तिथं मांगा.”

“बाई, असं चारचौघांत बोललात तर ते मला अहवालात घ्यावं लागेल,” वामनराव म्हणाले. “नोकरीवर येऊ शकतं.”

“घ्या,” विमलताई म्हणाल्या.

रविवारी वामनरावांनी बसमधला कागद फाडला आणि नवा अहवाल लिहिला. ‘भीमराज हनवते यांचा वही नाहीशी होण्याशी संबंध नाही. त्यांना कायम करावे.’ विमलताईंबद्दलचं वाक्य त्यांनी तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा खरंच लिहिलं, फक्त शेवटी वही स्वतःहून परत केल्याची नोंद घातली. तीस वर्षांत एका अहवालावर त्यांनी इतका वेळ कधी घालवला नव्हता.

सोमवारी सकाळची बस त्यांनी जाऊ दिली. प्रार्थना संपली. मुलं बसणार तोच विमलताई ओट्यावर चढल्या. देवराव पुढे झाले, पण वामनरावांनी त्यांना हातानं थांबवलं.

“सातवी वही मी नेली होती,” विमलताई म्हणाल्या. आवाज शेवटच्या ओळीपर्यंत पोचत होता. “माही चूक लपवाले नेली. भीमराज गुरुजींनी काही केलं नाही. ते चोर नाहीत हे मले पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, अन् मी गप्प बसली. गुरुजी, मले माफ करा.”

देवराव जमिनीकडे पाहत होते. भीमराज आपल्या वर्गाच्या रांगेपुढे ताठ उभा होता. वामनरावांना दिसलं की त्याचे डोळे भरून आलेत.

“केलं बाई,” तो म्हणाला.

मग तो मुलांना घेऊन वर्गात गेला आणि त्यानं हजेरी घ्यायला सुरुवात केली.